अरबी आणि अल्बेनियन बोलींची तुलना करायची आहे? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

अरबी आणि अल्बेनियन यांचं एकमेकींशी रक्ताचं नातं नाही. अरबी सेमिटिक कुळातली, हिब्रूची जवळची. अल्बेनियन इंडो-युरोपीय, म्हणजे कुळ बघितलं तर ती अरबीपेक्षा आपल्या मराठीला जवळची. मग या दोघींच्या बोली शेजारी ठेवायच्या कशाला? कारण दोन्हीकडे बोलींचा मोठा पसारा आहे, दोन्हीकडे शाळेत शिकवली जाणारी एक प्रमाणभाषा आहे, आणि त्या प्रमाणभाषेची जागा मात्र दोन्हीकडे अगदी वेगळी आहे. बोली म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हे काम केलं. तेव्हा मराठीत कुठेच असं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून हा लेख. तुम्ही भाषाशास्त्राचे विद्यार्थी असा किंवा हौशी अभ्यासक, पायऱ्यांचा क्रम शक्यतो बदलू नका. पहिली पायरी सगळ्यात कंटाळवाणी वाटेल, पण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

१. प्रमाणभाषा कुठे उभी आहे ते आधी ठरवा

अरबीची प्रमाणभाषा म्हणजे फुस्हा. बातम्या, पाठ्यपुस्तकं, सरकारी कागद, भाषणं फुस्हात. पण ती कोणाचीच मायबोली नाही. मूल घरात आम्मिया, म्हणजे रोजच्या बोलण्यातली बोली, शिकतं (मोरोक्को-अल्जेरियाकडे तिला दारिजा म्हणतात) आणि शाळेत गेल्यावर फुस्हा. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली या परिस्थितीला ‘डायग्लॉसिया’ हे नाव रूढ केलं, आणि त्यांच्या चार उदाहरणांपैकी एक अरबीच होतं. थोडक्यात, फुस्हा सगळ्या बोलींच्या बाहेर उभी आहे.

अल्बेनियनचं तसं नाही. तिथे दोन मोठ्या बोली आहेत: श्कुम्बिन नदीच्या उत्तरेला गेग, दक्षिणेला तोस्क. कोसोव्हो आणि उत्तर मॅसेडोनियातले बहुतेक अल्बेनियन लोकही गेगच बोलतात. लिपीचा प्रश्न १९०८ साली मोनास्तीरच्या (आजचं बितोला) परिषदेत सुटला आणि रोमन लिपीतली ३६ अक्षरं पुढे रूढ झाली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सरकारी व्यवहारासाठी एल्बासानच्या बोलीवर, म्हणजे दक्षिणी गेगवर, बेतलेलं रूप वापरात होतं. मग १९७२ साली तिरानाच्या शुद्धलेखन परिषदेत आजची प्रमाणभाषा पक्की झाली, आणि ती प्रामुख्याने तोस्कवर आधारलेली आहे. तेव्हाची सत्ता ज्यांच्या हातात होती ते एन्व्हर होजा दक्षिणेतल्या जिरोकास्तरचे, म्हणजे तोस्क मुलखातले. कोसोव्होच्या अल्बेनियन लोकांनी तर त्याआधीच, १९६८ मध्ये, हे प्रमाणरूप स्वीकारलं होतं.

आता सापळा बघा. तुम्ही प्रमाणभाषेला शून्य मानून प्रत्येक बोली तिच्यापासून किती लांब आहे हे मोजलंत, तर तोस्क ‘जवळ’ आणि गेग ‘लांब’ निघेल. त्यातून बोलींविषयी काहीच कळत नाही, फक्त १९७२ चा निर्णय पुन्हा मोजला जातो. आणि अरबीत सगळ्याच बोली लांब निघतील. म्हणून नियम एकच: बोली बोलीशी ताडा, प्रमाणभाषेशी नाही. प्रमाणरूपासाठी तक्त्यात वेगळा रकाना ठेवा, पण अंतर त्याच्यापासून मोजू नका.

हा मुद्दा मी एवढा ताणून सांगतो आहे, कारण आपल्याला शाळेतच ‘शुद्ध’ मराठीपासून अंतर मोजायची सवय लागलेली असते. वऱ्हाडी किंवा मालवणी ऐकताना आपण नकळत तेच करतो.

२. ठिकाणं निवडा, देश नव्हे

‘इराकी अरबी’ किंवा ‘कोसोव्हो अल्बेनियन’ अशी नावं कामाला फार ढोबळ पडतात. गाव किंवा शहर घ्या. सुरुवातीला अरबीसाठी पाच ठिकाणं पुरतात: कैरो, दमास्कस, बगदाद, कुवेत आणि कासाब्लांका. अल्बेनियनसाठी श्कोदर (वायव्य गेग), प्रिश्तिना (ईशान्य गेग), एल्बासान (श्कुम्बिनच्या काठावर), व्लोर (दक्षिणेकडची तोस्क) आणि सिसिलीतलं पियाना देल्यी अल्बानेझी. या शेवटच्या गावाकडे आठव्या पायरीत येऊ.

प्रमाणाचं भान ठेवा. अल्बेनियाचं क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. अरबी मात्र मोरोक्कोपासून ओमानपर्यंत पसरली आहे आणि अरब लीगमध्ये २२ देश आहेत. त्यामुळे ‘अरबी बोलींमध्ये फरक जास्त’ हा तुमचा निष्कर्ष असू शकत नाही. ती सुरुवातीचीच परिस्थिती आहे.

शिवाय ठिकाण ठरलं म्हणजे बोली ठरली असं होत नाही. बगदादमध्ये मुसलमान, ख्रिस्ती आणि ज्यू यांच्या बोली वेगळ्या होत्या. हाइम ब्लँक यांनी १९६४ साली त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अम्मानमध्ये एकाच घरातल्या भाऊ-बहिणीचा एका ध्वनीचा (सहाव्या पायरीत येणाऱ्या क़ाफचा) उच्चार वेगळा असू शकतो, कारण तिथे पुरुष ‘ग’कडे झुकतात आणि स्त्रिया घशात तुटणाऱ्या उच्चाराकडे. अल्बेनियनमध्ये मुख्य रेघ प्रदेशाची आहे, धर्माची नाही. म्हणून सगळ्या ठिकाणी शक्यतो एकाच वयोगटातले, स्त्री-पुरुष समान प्रमाणात असे बोलणारे घ्या. नाहीतर वयाचा फरक तुम्ही बोलीच्या नावावर टाकाल.

३. लागणारी साधनं आणि कागदपत्रं

- संमतिपत्र, बोलणाऱ्याला कळेल त्या भाषेत. रेकॉर्डिंग कुठे वापरणार, कोण ऐकणार, नंतर काढून टाकायला सांगता येईल का, हे त्यात स्पष्ट हवं.
- माहितीपत्रक: जन्मगाव, आई-वडिलांचं गाव, कुठे किती वर्षं राहिले, शाळेची भाषा. नावाऐवजी क्रमांक लिहा.
- रेकॉर्डर किंवा चांगला मोबाइल आणि कॉलरला लावायचा माइक. फाइल ‘वेव्ह’ स्वरूपात ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला आवाज दाबला जातो, त्यातून शब्द कळतात पण ध्वनींचं बारीक मोजमाप करता येत नाही.
- ‘प्रात’ हे ध्वनिविश्लेषणाचं सॉफ्टवेअर आणि ध्वनीसोबत मजकूर जोडायला ‘एलान’. दोन्ही फुकट मिळतात.
- एक साधी स्प्रेडशीट.

बोलणारे कुठे मिळतील? पुण्यात येमेन, इराक, सुदान इथले विद्यार्थी बरीच वर्षं शिकायला येत आहेत, तिथून सुरुवात करता येते. रत्नागिरी-रायगडातल्या अनेक घरांतली माणसं आखातात आहेत, त्यांच्या ओळखीही उपयोगी पडतात. पण त्या माणसांची स्वतःची अरबी नमुना म्हणून घेऊ नका. आखातात परदेशी कामगारांमध्ये एक सोपी केलेली कामचलाऊ अरबी तयार झाली आहे. तो स्वतंत्र आणि फार छान विषय आहे, पण ती कुवेतची बोली नव्हे. अल्बेनियन बोलणाऱ्यांसाठी व्हिडिओ कॉलशिवाय मला दुसरा मार्ग सापडला नाही. समोरच्याला त्याच्याच मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ फाइल पाठवायला सांगा.

४. शब्दयादी छोटी, वाक्यं जास्त

मॉरिस स्वादेश यांची मूलभूत शब्दांची यादी घ्या, शंभर शब्दांची आवृत्ती पुरेशी आहे. मात्र तिच्यावर थांबू नका. ‘आत्ता’, ‘काय’, ‘पाहिजे’, ‘नाही’ असे रोजचे बारके शब्द बोली सगळ्यात आधी उघड करतात. अरबीत ‘आत्ता’ विचारून बघा: कैरोत दिल्वअ्ती, दमास्कसमध्ये हल्लअ्, बगदादमध्ये हस्सा, कुवेतमध्ये अल्हीन, कासाब्लांकात दाबा. ‘मला पाहिजे’ म्हणायचं तर कैरोचा पुरुष आयिझ म्हणेल, दमास्कसचा बिद्दी, बगदादचा अरीद, मोरोक्कोचा ब्गीत. अल्बेनियनमध्ये अशा शब्दांत एवढी विविधता दिसत नाही. तिथे शब्द बहुधा तोच असतो आणि ध्वनी बदलतो. हा फरक नोंदवून ठेवा, पुढे लागेल.

वाक्यं अशी निवडा की भूतकाळ, चालू वर्तमान, भविष्य, नकार, प्रश्न आणि ‘मला अमुक करायचं आहे’ ही रचना हमखास येईल. वीस-पंचवीस वाक्यांत हे बसतं.

५. रेकॉर्ड करताना: लिहिलेलं दाखवू नका

नवख्यांचं काम सगळ्यात जास्त इथे बिघडतं. अरबी बोलणाऱ्यासमोर अरबी लिपीत छापलेला शब्द ठेवलात की तो फुस्हा वाचतो. श्कोदरच्या माणसासमोर छापील अल्बेनियन ठेवलंत की तो शाळेतलं रूप म्हणतो. चित्रं दाखवा, हाताने दाखवा, वस्तू समोर ठेवा.

माइक समोर आला की माणूस आपोआप ‘सभ्य’ भाषेत शिरतो. अरब लोक परदेशी माणसासाठी आणखी एक गोष्ट करतात: आपली बोली त्याला कळणार नाही असं धरून इजिप्शियन किंवा सीरियन वळणावर जातात, कारण चित्रपट आणि मालिकांमुळे ती सगळीकडे समजते. मोरोक्कन माणूस हे हमखास करतो. उपाय असा की एकाच गावचे दोघे बोलवा, त्यांना एकमेकांशी बोलू द्या आणि तुम्ही गप्प बसा. आवडता पदार्थ कसा करतात, लहानपणी कोणते खेळ खेळलात, हे विषय चांगले चालतात. शब्दयादी शेवटी घ्या, गप्पा आधी.

आणि ‘तुम्ही शुद्ध का बोलत नाही’ या अर्थाचा एकही प्रश्न विचारू नका. गेग बोलणाऱ्यांपैकी अनेकांना आपल्या बोलीला १९७२ नंतर बाजूला टाकलं याचं दुःख आहे, आणि ते रास्त आहे. उपलब्ध असलेलं सगळ्यात जुनं अल्बेनियन वाक्य, १४६२ सालचं बाप्तिस्म्याचं सूत्र, गेगमध्येच आहे. ग्योन बुझुकू यांचं १५५५ सालचं प्रार्थनापुस्तकही गेगमधलंच.

६. ध्वनींचा तक्ता

तक्त्यात आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा. या लेखात मी देवनागरी वापरली आहे ती अंदाज यावा म्हणून. तुमच्या कामात ती पुरणार नाही. अरबीचा ऐन, खोल घशातला ‘ह’, जड ‘स’ आणि ‘त’ यांना देवनागरीत जागा नाही.

मराठी कानाला मात्र अल्बेनियनमध्ये काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘चांगला’ आणि ‘चार’ यांतले दोन वेगळे ‘च’ आपल्याकडे एकाच अक्षराने लिहितात. अल्बेनियनमध्ये हे दोन्ही ध्वनी आहेत आणि त्यांना वेगळी अक्षरं आहेत. ‘जावई’ आणि ‘जीव’ यांतल्या दोन ‘ज’चंही तसंच. अल्बेनियन प्रमाणभाषेत वारंवार येणारा उदासीन स्वर आपल्या ‘अ’च्या जवळचा आहे. आणि गेगमधले अनुनासिक स्वर कोकणी बोलणाऱ्याला चटकन ऐकू येतात.

गेग आणि तोस्क ओळखायच्या तीन मुख्य खुणा:

पहिली, मुळात दोन स्वरांच्या मधे असलेला ‘न’ तोस्कमध्ये ‘र’ झाला. नाव: गेग एमन, तोस्क एमर. हिवाळा: दिमन, दिमर. शहराचं नावसुद्धा: व्लोन, व्लोर. हा बदल किती जुना आहे तेही काढता येतं. लॅटिनमधून आलेल्या शब्दांत तो दिसतो, उदाहरणार्थ वाळू, लॅटिन ‘अरेना’पासून गेगमध्ये रान आणि तोस्कमध्ये रर. पण स्लाव्ह भाषांमधून आलेल्या शब्दांत तो दिसत नाही. म्हणजे ही फूट लॅटिन शब्द आल्यानंतरची, पण स्लाव्ह शब्द येण्याआधीची. १९७२ चा वाद कालचा आहे, बोलींमधली रेघ हजार वर्षांहून जुनी.

दुसरी, गेगमधला अनुनासिक ‘आँ’ तोस्कमध्ये ‘अ’ होतो. ‘आहे’ म्हणायला गेग आँश्त, तोस्क अश्त. तिसरी, ‘म्ब’मधला ‘ब’ गेगमध्ये गळतो: राजा तोस्कमध्ये म्ब्रेत, गेगमध्ये म्रेत. प्रिश्तिनाकडे आणखी एक गोष्ट कानावर पडेल: ‘क्य’सारखा तालव्य ध्वनी तिथे सरळ ‘च’ होतो.

अरबीत पहिली खूण म्हणजे क़ाफ हे अक्षर, फुस्हात घशाजवळून येणारा खोल ‘क’. ‘हृदय’ आणि ‘कुत्रा’ ही जोडी विचारा, एका झटक्यात नकाशा उभा राहतो. फुस्हात क़ल्ब आणि कल्ब. कैरो-दमास्कसला हृदय अल्ब होतं (सुरुवातीला घसा तुटतो), कुत्रा कल्बच्या आसपास राहतो. बगदादला गलुब आणि चलिब. कुवेतला गल्ब आणि चल्ब. पॅलेस्टाइनच्या मध्यभागातल्या जुन्या गावठी बोलीत हृदय कल्ब आणि कुत्रा चल्ब! तिथला ‘कल्ब’ ऐकून ‘कुत्रा’ लिहिलंत तर पुढचा सगळा हिशेब चुकेल. क़ाफ ‘क’च्या जागी सरकला आणि मूळचा ‘क’ ‘च’ झाला, अशी साखळी दिसली की दोन्ही शब्द एकत्र नोंदवा.

एका ठिकाणी एकच उच्चार असतो असंही धरू नका. कासाब्लांकात ‘तो म्हणाला’ हे गाल, पण हृदय क़ल्ब. यामागे इतिहास आहे. उत्तर आफ्रिकेत अरबी दोन लाटांत पोचली: सातव्या-आठव्या शतकात शहरांत, आणि अकराव्या शतकात बनू हिलाल टोळ्यांबरोबर मैदानांत. आजच्या शहरी बोलीत दोन्ही थर मिसळलेले आहेत.

आता चौथ्या पायरीतली नोंद काढा. कोंबडीला फुस्हात दजाज म्हणतात. कुवेतमध्ये दियाय म्हणतात, म्हणजे शब्द तोच, ध्वनी बदलला. कैरोत फिराख़ म्हणतात, म्हणजे शब्दच दुसरा. हे दोन फरक एका रकान्यात घातले तर तुलना कोसळते. रकाने वेगळे ठेवलेत की दिसेल की गेग-तोस्क अंतराचा मोठा हिस्सा नियमित ध्वनिबदलात आहे, तर कैरो-कासाब्लांका अंतरात नेहमीचे शब्दच बदललेले आहेत. गेग आणि तोस्क बोलणारे एकमेकांना थोड्या सवयीने समजून घेतात आणि मोरोक्कन-इराकी जोडी अडते, त्याचं एक कारण हे आहे.

७. व्याकरण: सारखं दिसतं, अर्थ वेगळा

अरबीत दोन सापळे जरूर लक्षात ठेवा. कैरोत ‘बक्तिब’ म्हणजे ‘मी लिहितो’. आखातात क्रियापदाआधीचा तोच ‘ब’ भविष्यकाळ दाखवतो, ‘मी लिहीन’. दुसरा: ‘न’ने सुरू होणारं रूप कैरोत ‘आम्ही’चं असतं, तर ट्युनिसपासून मोरोक्कोपर्यंत ‘मी’चं. तिकडे ‘आम्ही’ करायला शेवटी ‘ऊ’ जोडतात. मगरिबी बोली ओळखायची ही सगळ्यात खात्रीची खूण आहे. प्रश्नार्थक शब्दाची जागाही बघा. ‘कुठे चाललास?’ विचारताना दमास्कसचा माणूस ‘कुठे’ आधी म्हणतो, कैरोचा शेवटी.

अल्बेनियनमध्ये सगळं लक्ष ‘करणं’ या अर्थाच्या रूपावर द्या. गेगमध्ये ‘मे’ लावून खरंखुरं धातुरूप होतं: मे श्कूए, म्हणजे जाणं. तोस्कमध्ये तसं रूप नाही. त्यामुळे ‘मी जाईन’ गेगमध्ये काम मे श्कूए (शब्दशः ‘मला जाणं आहे’) आणि तोस्कमध्ये दो त श्कोय. ग्रीक आणि बल्गेरियनमध्येही जुनं धातुरूप असंच नाहीसं झालं. म्हणजे या बाबतीत तोस्क आपल्या बाल्कन शेजाऱ्यांबरोबर आहे आणि गेग नाही. अरबी बोलींनाही हाच प्रश्न विचारा: शेजारी कोण होते? मगरिबमध्ये बर्बर, इजिप्तमध्ये कॉप्टिक, सीरियाकडे अरामाइक. पण सरसकट ‘शेजारच्या भाषेमुळे झालं’ असं लिहू नका. प्रत्येक वैशिष्ट्यासाठी वेगळा पुरावा लागतो.

८. उसने शब्द बाजूला काढा, मग तुटलेल्या बोलींकडे या

अल्बेनियन यादीत तुम्हाला हबेर, हेसाप, द्युक्यान असे शब्द भेटतील. ते आपले खबर, हिशेब, दुकान आहेत आणि अरबीतही आहेत. अल्बेनियनला ते उस्मानी तुर्कीमार्गे मिळाले, आपल्याला फारसीमार्गे. त्यांना दोन भाषांतल्या साम्याचा पुरावा समजू नका. यादीत वेगळा रंग देऊन बाजूला ठेवा.

यानंतरचा भाग मला स्वतःला सगळ्यात प्रिय आहे. पंधराव्या शतकापासून, विशेषतः १४६८ मध्ये उस्मानी तुर्कांशी लढणारा अल्बेनियन सरदार स्कंदरबेग याच्या मृत्यूनंतर, अनेक अल्बेनियन लोक समुद्र ओलांडून दक्षिण इटली आणि सिसिलीत गेले. त्यांची अर्बरेश बोली तोस्क वळणाची आहे. तुर्की शब्दांचा लोंढा यायच्या आधीच ती निघून गेली, म्हणून तिच्यात ते फार थोडे आहेत आणि त्यांच्या जागी सिसिलियन-इटालियन शब्द आले. आता समोर माल्टाकडे बघा. माल्टीज ही सिसिलीतल्या जुन्या अरबीतून आलेली, तीही सिसिलियन-इटालियन शब्दांनी भरलेली, रोमन लिपीत लिहिली जाणारी. पियाना देल्यी अल्बानेझी आणि माल्टा ही जोडी शेजारी ठेवली की दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या बोलींवर एकाच शेजाऱ्याने काय केलं ते तपासता येतं. सबंध प्रकल्प या एका जोडीवर उभा राहू शकतो.

फरक मात्र नोंदवा. माल्टीजला स्वतःची प्रमाणभाषा आहे आणि २००४ पासून ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. ती फुस्हाच्या छत्राखाली नाही, त्यामुळे तिला ‘अरबीची एक बोली’ म्हणून बाकीच्या पाच ठिकाणांच्या रांगेत बसवू नका. अर्बरेशलाही १९७२ च्या प्रमाणभाषेने मोजू नका.

९. लिहून काढताना

आधी अरबीच्या पाच ठिकाणांचा आपसातला तक्ता पूर्ण करा, मग अल्बेनियनचा. त्यानंतरच दोन तक्ते शेजारी ठेवा. कैरो विरुद्ध श्कोदर अशी थेट तुलना निरर्थक आहे. तुलना करायची ती फरकांच्या प्रकारांची: ध्वनी किती, शब्द किती, व्याकरण किती, आणि रेघा भूगोलाच्या की जमातीच्या.

प्रत्येक उदाहरणापुढे ठिकाण आणि बोलणाऱ्याचा क्रमांक द्या. तयार तक्ता बोलणाऱ्यांना परत दाखवा. ‘हे माझी आजी म्हणते, मी नाही’ असं कोणी सांगितलं तर ती नोंद पुसू नका, शेजारी नवी ओळ जोडा. मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी साठवा आणि संमतिपत्रांचे स्कॅन त्यांच्यासोबत न ठेवता तिसरीकडे ठेवा, म्हणजे आवाज आणि नाव एकत्र कोणाच्या हाती लागणार नाहीत.